लखमाचं गाव

पुस्तक लिहायला घेतलं की त्यात न मावणारं बरंच काही जमा होतं. आमच्या डहाणूच्या वाचनालयात पाच वर्षं तेच साठत गेलं. इंग्रजांच्या काळात एका जंगलसाहेबाला मारून फासावर गेलेल्या लखमाचं चरित्र आम्ही लिहीत होतो. आम्ही म्हणजे तिघं. मसोलीचे निवृत्त मास्तर सावे गुरुजी लिहिणारे, झेरॉक्सवाले नरेशभाई जुनं गुजराती वाचणारे, आणि मी ग्रंथपाल, म्हणजे चहा आणि प्रूफं! आता तिघांतले दोघंच उरलोय, त्यामुळे हसत सांगायचं ठरवलं तरी जमेलच असं नाही.

*

पहिल्याच रविवारची गोष्ट, दोन हजार चौदा सालची. हाताशी कागद एकच, कोर्टाच्या निकालाची जीर्ण गुजराती नक्कल. नरेशभाईंनी भिंग धरून वाचलं, "नाव लखमा. बापाचं नाव सांगत नाही. गाव सांगत नाही."

"झालं! संपलं चरित्र!" मी म्हटलं.

गुरुजी हसले नाहीत. "गाव सांगितलं असतं तर शिपायांनी गाव जाळलं असतं. किती मार खाल्ला असेल, पण बोलला नाही." मग त्यांनी फळ्यावर नियम लिहिला: कागद नाही, तर ओळ नाही. पाच वर्षं तो कुणी पुसला नाही.

*

बातमी पसरली आणि लखमाला नातेवाईक फुटायला लागले! किनाऱ्यावरची एक मासळीवाली टोपलीसकट आत आली. "तो आमचाच. बोटीवरचा."

"बाई, कागदात कुऱ्हाडीनं मारल्याचं आहे," गुरुजी म्हणाले.

"मग? बोटीची लाकडं आम्ही दातांनी फोडतो काय?"

बाई माझ्या टेबलावर दोन बोंबील ठेवून निघून गेली. वाचनालयाला चार दिवस वास येत होता.

*

अच्छाडच्या नाक्याजवळ एका ढाब्यावर तर लखमाचं चित्रच लागलं. फेटा, पिळदार मिशा, खाली पांढरा घोडा! गुरुजींनी मालकाला विचारलं, "याला आधार काय?"

"पेंटर बोलला, वीर म्हटला की घोडा येतोच!"

गुरुजींनी जेवण अर्धं टाकलं. परतताना एसटीत म्हणाले, "फासावर जाताना त्याच्या अंगात सदरा तरी होता का, तेही आपल्याला माहीत नाही."

*

तलासरीहून एक वकील वंशावळ घेऊन आले. लखमा म्हणे त्यांचा खापरपणजा. पिवळा कागद, कुरतडलेले कोपरे, वर चकचकीत लॅमिनेशन. गुरुजींनी ती खिडकीपाशी उजेडात नेली. इतक्या वर्षांनी कागद मिळाला होता ना! नरेशभाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि वकिलांना दारापर्यंत पोचवून आले.

मग म्हणाले, "गुरुजी, ए तो मारी दुकाननुं छे! चहाच्या पाण्यात बुडवलेला कागद मीच लॅमिनेट केला, गेल्या मंगळवारी!"

*

एकदा नरेशभाईंनीच मध्येच विचारलं, "त्या जंगलसाहेबाला पोरंबाळं होती का?"

आमच्यापैकी कुणी शोधलंच नव्हतं. गुरुजी म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."

पुढच्या रविवारी नरेशभाईच नव्हते. दुकानात बसल्या बसल्या गेले. मशीन चालूच होतं, कोऱ्या कागदाच्या प्रतींवर प्रती निघत होत्या, असं त्यांचा मुलगा सांगत होता. तो प्रश्न माझ्या वहीत अजून तसाच आहे.

*

सायवनची म्हातारी सोनीबाय तीनदा आली, तिन्ही वेळा अनवाणी.

"सर्वपित्रीला आमी सगल्या पितरांना घरात वाढतो, नाव घेऊन. येक घास उंबऱ्याच्या भायेर ठेवतो, बिननावाचा. तो माझ्या आज्याचा, लखमाचा. बा सांगून गेला, त्याचा नाव आन् आपला गाव येका जागी कुनी लिवला, का मग त्याला आत घ्यायचा. तवर नाय. गुरुजी, तू लिव ना."

गुरुजींनी डोळे पुसले. पण नजर फळ्याकडे गेली. "काही कागद आहे का, सोनीबाय?"

"कागद ठेवला असता तर गाव ऱ्हायला असता का?"

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "माझे मागं कोनी नाय. मी गेली का त्याला भायेर पन कोनी वाढनार नाय."

गुरुजींनी लिहिलं नाही. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही.

*

एकोणीस साली पुस्तक आलं. त्यात लखमाच्या गावाबद्दल दोनच शब्द आहेत: गाव अज्ञात. सर्वपित्रीच्या सकाळी गुरुजी पुस्तक घेऊन माझ्या दारात उभे. "चल, सायवनला जाऊ."

आम्ही पोचलो तेव्हा सोनीबाय एकेक नाव घेत घरात वाढत होती. शेवटचा घास घेऊन उंबऱ्याबाहेर आली, तर समोर आम्ही. तिनं तो खाली ठेवला नाही. पुस्तकाकडे बघत राहिली.

"लिवलास?"

गुरुजींनी चष्मा लावला आणि पुस्तक मधेच उघडलं. मी त्यांच्या खांद्याशीच होते. त्या पानाचं प्रूफ मीच तपासलं होतं. जंगलाच्या हद्दींचं कोष्टक, नुसते आकडे.

गुरुजी वर्गात वाचायचे तसं खणखणीत वाचू लागले. "लखमा. गाव सायवन. सोनीबायचा आजा."

ती तशीच उभी राहिली. पळसाच्या पानावरचा भात तिनं दोन्ही हातांत धरला होता.

"परत वाच."

गुरुजींनी कोष्टकावर बोट ठेवलं आणि परत वाचलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

सोनीबाय वळली, उंबरा ओलांडून आत गेली. आतून तिचा आवाज आला, "लखमा आजा, ये. आत ये."