डबी बंद झाल्यावर

पोहण्याच्या तलावात उतरण्याआधी मी कानातली दोन्ही यंत्रं काढून डबीत ठेवते. त्यानंतर मला काही म्हणजे काही ऐकू येत नाही. अकरा महिन्यांची रेवा माझ्या कडेवर असते आणि भोवती बाकीच्या आया नुसते ओठ हलवत आपापल्या बाळांना गाणी म्हणत असतात. मला मात्र सगळा वेळ एकच धास्ती, ही रडत असेल आणि मला कळत नसेल.

गेल्या रविवारी वर आल्यावर, यंत्रं लावून, शिकवणाऱ्या बाईंना विचारलंच, "फार रडते का हो ही पाण्यात?"

"छे! आवाजसुद्धा काढत नाही. घाबरली की तुमची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवते. बाबांबरोबर येते तेव्हा मात्र अख्खा तलाव डोक्यावर घेते."

हनुवटी धरणं मला लाडिकपणा वाटत होता. माझे सख्खे भाऊ तीस वर्षं झाली तरी माझ्याशी पाठमोरं बोलतात आणि जिला अजून चमचा धड तोंडात घालता येत नाही, तिला डबी बंद झालेली कळते?

आज मुद्दाम पाहिलं. वर आल्यावर यंत्र कानात बसवलं. कुडकुडणाऱ्या रेवाने ते बोटाने चाचपलं, खात्री करून घेतली. मग तोंड उघडलं आणि इतका वेळ माझ्यासाठी राखून ठेवलेलं रडं एकदम सोडून दिलं.