भाऊजींचा जुना फ्रिज, आजपासून उपलब्ध

माझ्या घरातली विजेवर चालणारी एकही वस्तू मी विकत घेतलेली नाही. टीव्ही भाऊजींचा, मिक्सर भाऊजींचा, हातातला फोन भाऊजींचा, आणि भिंतीवरचं ते तासातासाला बोलणारं घड्याळ, तेही त्यांचंच. कुणाला वाटेल की मी बहिणीच्या नवऱ्याला लुबाडते. तसं काही नाही. भाऊजी स्वतः वस्तू उचलून रस्ता ओलांडतात, माझे जिने चढतात, वायर जोडून देतात आणि घाम पुसत वर म्हणतात, "बरं झालं धाकटे, तुझ्यामुळे जागा झाली." अशा माणसाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही.

भाऊजींचं चाव्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालचा कोपरा. मागे खिळ्यांवर कोऱ्या चाव्यांचे झुपके, पुढे टेबलावर चावी कापायचं यंत्र. एका चिमट्यात गिऱ्हाइकाची जुनी चावी, दुसऱ्यात कोरी. यंत्र किंचाळतं, पितळेची भुकटी उडते आणि हुबेहूब जुनीसारखी दुसरी चावी तयार होते. दिवसभर हेच. माझी ताई म्हणते, दिवसभर जुन्याच्या नकला काढतो म्हणूनच ह्या माणसाला नव्याचं एवढं खूळ. संध्याकाळी घरी येतात तेव्हा भुवयांवर पितळ चमकत असतं, आणि कुठल्या तरी कंपनीची घोषणा जवळ आली असेल तर डोळे त्याहून जास्त.

घोषणा म्हणजे काय ते सांगते. एका अंधाऱ्या सभागृहात काळा शर्ट आणि पांढरे बूट घातलेला एक माणूस फेऱ्या मारत बोलतो. समोरचे लोक तो पाणी प्यायला तरी टाळ्या वाजवतात. मग मागच्या पडद्यावर एक वस्तू तरंगत येते. भाऊजी हे सगळं इस्त्रीचा शर्ट घालून बघतात. आणि त्या दिवशी सकाळीच, त्या जातीची जी जुनी वस्तू घरात असेल ती माझ्याकडे पोचलेली असते. नव्याला यायला जागा लागते, असा त्यांचा सिद्धांत आहे. वस्तू काही येत नाही. जागा मात्र होत जाते. ताईच्या भिंतीवर टीव्हीच्या आकाराचा एक गोरापान चौकोन आहे, कारण गुंडाळून कपाटात ठेवता येणारा टीव्ही यायचा आहे. तो येईपर्यंत सगळ्या घोषणा आम्ही माझ्या घरी बघतो, भाऊजींच्याच जुन्या टीव्हीवर.

ह्या सगळ्याला ताई हसायची. मीही हसायचे, मला तर हसायला दुहेरी कारण होतं. मग फ्रिजची घोषणा आली.

ताई घरी केक करते. वाढदिवस, बारशी, कुणाच्या बढतीचा, कुणाच्या पास झाल्याचा. तिच्या हातचं क्रीम असं असतं की माणूस ताटली चाटताना दिसू नये म्हणून पाठ करून बसतो. मी दवाखान्यात पेशंटना नंबर द्यायच्या खिडकीत बसते, आणि तिथूनच मी तिला मोठी ऑर्डर मिळवून दिली होती. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाई निवृत्त होणार होत्या. अर्धी गल्ली त्यांच्या हातावर जन्मलेली, त्यामुळे निरोपाचा केकही तसाच हवा, तीन मजली. तो आवडला तर दवाखान्याच्या कँटीनला रोजचे केक ताईनेच द्यायचे, असं कँटीनचे मॅनेजर माझ्याशी बोलले होते. ताईने इतकी वर्षं ह्याच दिवसाची वाट पाहिली होती.

आणि निरोप समारंभाच्या त्याच आठवड्यात भाऊजींनी तिचा फ्रिज माझ्याकडे आणून सोडला.

"अहो, केक कुठे ठेवू मी?" ताई त्यांच्यामागून जिना चढत विचारत होती.

"नव्यात," भाऊजी धापा टाकत म्हणाले. "आज संध्याकाळी घोषणा, उद्या दुकानात. हा फ्रिज बोलतो. अंडी संपली की सांगतो. तुझा केक बघून तुला शाबासकीसुद्धा देईल."

"शाबासकी द्यायला माझा नवरा आहे," ताई म्हणाली. भाऊजी तोवर माझ्या स्वयंपाकघरात प्लग शोधत होते.

संध्याकाळी आम्ही चौघं टीव्हीसमोर बसलो. ताई, भाऊजी, मी आणि आमचे हे. काळ्या शर्टवाल्याने फेऱ्या मारायला सुरुवात केली. "कल्पना करा," तो म्हणाला, आणि भाऊजींनी खरोखर डोळे मिटून कल्पना केली. पडद्यावर फ्रिज तरंगत आला. त्याला मूठ नव्हती, दार नुसत्या टाळीने उघडत होतं. दारावर हवामान दिसत होतं. आत पालेभाजी स्वतःचं वय सांगत होती. भाऊजी खुर्चीच्या काठावर सरकत सरकत शेवटी जवळजवळ हवेतच बसले होते.

ते एका शब्दाची वाट बघत होते. आजपासून. प्रत्येक घोषणेत ते ह्याच एका शब्दासाठी जिवाचा कान करतात. आजवर तो कधी आलेला नाही, पण दर वेळी त्यांची मान तशीच पुढे होते. मला हसू येतं आणि त्याच वेळी त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटतो.

"हा फ्रिज तुमच्या घरी येतोय," काळा शर्टवाला म्हणाला, आणि जीवघेणा थांबला. "पुढच्या वर्षाच्या अखेरीस. निवडक शहरांत."

सभागृहात टाळ्यांचा पाऊस पडला. आमच्याकडे भिंतीवरच्या घड्याळाने किती वाजले ते सांगितलं. भाऊजी हळूहळू खुर्चीत परत आले.

"तोंडाला पानं पुसली," ते एवढंच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "टाळीने उघडणारं दार चांगलं होतं पण."

 ताईने उठून माझ्या फ्रिजचं, म्हणजे तिच्याच फ्रिजचं दार उघडलं आणि माझ्या भाज्या बाहेर काढायला लागली. फ्रिज परत न्यायचं कुणीच बोललं नाही. दिलेली वस्तू परत मागायची नाही असा ताईचा बाणा, आणि परत आणली तर हरल्यासारखं होईल असा भाऊजींचा.

मग केक रस्ता ओलांडून येऊ लागला. ताई घरी भाजायची आणि भाऊजी एकेक मजला परातीत घेऊन निघायचे. उन्हात क्रीम ढळू नये म्हणून ताई त्यांच्या नाही, केकच्या डोक्यावर छत्री धरायची. भाऊजी एक हात वर करून गाड्या थांबवायचे. एका टॅक्सीवाल्याने खिडकीतून विचारलं, "कुणाला नेताय?" ताई म्हणाली, "डॉक्टरीणबाईंना." तो बिचारा गाडी बंद करून अदबीने खाली उतरला.

तीन मजले चढले, वर क्रीमची फुलं बसली, आणि ताईने माझ्या हातावर एक बारकी चावी ठेवली. तिच्या फ्रिजला कुलूप आहे. ते तिने लग्नानंतर लगेच बसवून घेतलं होतं, आणि तेही भाऊजींकडूनच. कारण नवे नवरदेव रात्री उठून क्रीम फस्त करायचे. चावी तिच्या गळ्यातल्या साखळीत असायची.

"तुझ्या नवऱ्याने मघाशीच बोट लावलंय," ती म्हणाली. "मी पाहिलं. कुलूप लाव."

मी लावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्याची गाडी खाली येऊन उभी राहिली. मी चावी घातली, फिरवली, आणि चावीचा दांडा माझ्या हातात आला. पातं कुलपात राहिलं. आत डॉक्टरीणबाईंचा केक, बाहेर मी. खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.  आमचे हे म्हणाले, "टाळी वाजवून बघ." मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते भाऊजींना बोलवायला धावतच गेले.

भाऊजी आले, पाठोपाठ ताई आली, तिच्या कोपरापर्यंत पीठ होतं. भाऊजींनी फ्रिजसमोर मांडी घातली, हत्यारांची पिशवी उलगडली, आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

"अहो, उघडा ना," मी म्हणाले.

"हिला विचार," भाऊजी म्हणाले. "हे कुलूप मी उघडायचं नाही असं ठरलंय."

"कधी ठरलं?" ताईने विचारलं.

"बसवलं त्या दिवशी. तू म्हणालीस, शब्द द्या, ह्याला हात लावणार नाही. मी दिला."

"मग दुसरी चावी आणा तुमच्याकडची."

"दुसरी कुठली?"

"म्हणजे? तुम्ही नक्कल काढून ठेवली असेल ना? लग्नाला एवढी वर्षं झाली."

भाऊजींनी मान हलवली. "अख्ख्या गल्लीच्या चाव्या ह्या हातांनी काढल्यात. बँकेच्या मागच्या दाराचीसुद्धा. ही एक नाही काढली. तू शब्द घेतला होतास."

ताईने पिठाचा हात फ्रिजच्या दारावर टेकवला. खाली हॉर्न वाजत होता, पण आता तो कुणालाच ऐकू येत नव्हता.

"मी क्रीमवर खूण करून ठेवायचे," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "चमच्याने रेघ मारायचे. सकाळी रेघ तिथल्या तिथे. मला वाटलं, ह्यांच्याकडे चावी तर असणारच, पण आता ह्यांना माझं क्रीम आवडत नाही. ह्यांना नवीनच काहीतरी लागतं."

"मला?" भाऊजी एवढे दचकले की त्यांच्या हातातून पक्कड निसटली. "अगं, हा फ्रिज इथे आणला त्या दिवशी मला पहिलं हेच वाटलं की बोलणाऱ्या फ्रिजला कुलूप नसतं, म्हणजे क्रीम मोकळं."

मला इतकं हसू आलं की मी ओट्याला टेकले. ताईही हसायला लागली, पिठाच्या हाताने डोळे पुसायला गेली आणि चेहरा पांढरा करून घेतला. "उघडा," ती म्हणाली. "परवानगी दिली. डॉक्टरीणबाईंपुरती."

भाऊजींनी एक वाकडी तार आत घातली, कान दाराला लावला आणि डोळे मिटले. घोषणेच्या वेळी मिटतात तसेच. आधी तुटकं पातं बाहेर आलं, मग कुलूप निवांतपणे सुटलं आणि दार उघडलं. आतला दिवा लागला. तीन मजले जागच्या जागी उभे होते, सर्वांत वरच्या फुलावर आमच्या ह्यांच्या बोटाची खूण सोडली तर. ताईने तिथे एक चेरी बसवली.

केक पोचला. डॉक्टरीणबाईंनी दुसरा तुकडा मागितला, आणि कँटीनच्या मॅनेजरांनी त्या तिसरा मागेपर्यंत वाट न बघता मला बाजूला घेऊन सोमवारपासून केक पाठवायला सांगितलं.

रविवारी माझ्याकडून फ्रिज गेला. भाऊजींनीच नेला. माझे जिने, रस्ता, त्यांचे जिने, आणि कुणी विचारलं तर म्हणत होते, "परत नाही आणत. नवा आणतोय." संध्याकाळी आम्हाला दोघांना बोलावणं आलं. ताईच्या स्वयंपाकघरात दिवा मालवलेला होता. दोन खुर्च्या आमच्यासाठी, एक ताईसाठी. फ्रिजवर चादर. भाऊजी काळा शर्ट घालून आले. पांढरे बूट नव्हते म्हणून पांढरे मोजे घातले होते.

"कल्पना करा," ते फेऱ्या मारत म्हणाले, "असा एक फ्रिज, जो काहीही बोलत नाही."

आम्ही टाळ्या वाजवल्या. ते पाणी प्यायले. आम्ही पुन्हा वाजवल्या.

"तो तुम्हाला हवामान सांगत नाही. अंडी संपली तर ती तुमची तुम्हाला कळतात. त्याला मूठ आहे. ही मूठ धरून ओढलं की दार उघडतं, आणि ह्या वर्षीचं नवीन वैशिष्ट्य म्हणजे," त्यांनी चादर ओढली, शर्टाच्या खिशात हात घातला आणि दोन चाव्या वर धरल्या. अजून पितळेची भुकटी लागलेल्या. "दुसरी चावी. हिच्या परवानगीने काढलेली."

त्यांनी दोन्ही चाव्या ताईच्या हातावर ठेवल्या.

"कधीपासून मिळणार?" ताईने खुर्चीतूनच विचारलं.

भाऊजी तसेच जीवघेणे थांबले. अगदी त्या माणसासारखे. मग म्हणाले, "आजपासून."

"आणि पुढच्या वर्षी कुठला येणार?"

"पुढच्या वर्षी हाच," भाऊजी म्हणाले. आता ते घोषणेच्या आवाजात बोलत नव्हते.

ताईने एक चावी साखळीत ओवली. दुसरी बराच वेळ बोटांत फिरवली आणि त्यांच्या तळहातावर ठेवून त्यांची मूठ मिटली. भाऊजींनी ताबडतोब, आमच्यासमोर, कसलीही लाज न बाळगता फ्रिज उघडला. आत एक वाटी होती. वाटीत काठोकाठ क्रीम होतं, आणि त्यावर चमच्याने रेघ मारलेली नव्हती.

आम्ही हळूच निघालो. घरी माझ्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या आकाराचा एक चौकोन मोकळा झाला होता. आमचे हे तिथे उभे राहून बराच वेळ मापं घेत होते.