होडीवाला सेनेटर

मला दिवा हवा होता. पुस्तक नको होतं.

अलिबागला एक गोरा साहेब नोकरी संपवून विलायतेला परत निघाला होता. त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव आहे असं कानावर आलं. मी तेव्हा मुरुडच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात शाळामास्तर होतो. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. घरातल्या चिमणीच्या उजेडात वह्या तपासून डोळे जायची वेळ आली होती, म्हणून बैलगाडीचे धक्के खात मुद्दाम अलिबाग गाठलं. दिवा होता झकास, काचेच्या गोल घुमटाचा. पण लिलाव पुकारणाऱ्याने त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक बांधून टाकलेलं. दोन्ही मिळून एकच बोली, दिवा हवा तर पुस्तकही घ्या. घेतलं झालं. परत येताना रेवदंड्याच्या खाडीत होडीतून उतरताना पाय घसरला आणि दिव्याचा चुरा झाला. पुस्तक मात्र सुखरूप घरी आलं. माझं नशीब पहिल्यापासून असंच आहे.

पुस्तक अमेरिकेतलं होतं. तिथल्या विधिमंडळात निवडून गेलेल्या माणसांची छोटी छोटी चरित्रं त्यात ओळीने छापली होती. सेनेटर, गव्हर्नर, न्यायाधीश, कोणी कसल्या कमिटीचा अध्यक्ष. सगळ्यांचा साचा एकच. अमक्या गावी जन्म, अमक्या शाळेत शिक्षण, मग वकिली, मग निवडून आला, पुन्हा निवडून आला, पडला, पुन्हा उभा राहिला, वारला, अमक्या दफनभूमीत पुरला. जे हयात होते त्यांच्या शेवटी मरणाऐवजी राहत्या गावाचं नाव. सुरुवातीची पानं वाळवीने खाल्ली होती, त्यामुळे पुस्तक कधी छापलं ते कळायला मार्ग नव्हता. मलाही ते कळून घ्यावंसं वाटलं नाही. अमेरिकेशी माझा काय संबंध?

तरी मी ते वाचायला लागलो. का वाचलं म्हणाल, तर दुसरं काय करणार होतो? इन्फ्लुएंझाच्या साथीत माझी बायको गेली होती. मूलबाळ नव्हतं. माझी माणसं घाटावर, आणि ती तरी काय, दिवाळीला एक कार्ड टाकायची. गावातले लोक वाईट नव्हते, पण मास्तर म्हटला की त्याला नमस्कार करायचा आणि पुढे व्हायचं, एवढाच त्यांचा रिवाज. शाळा सुटली की दुसऱ्या दिवशी शाळा भरेपर्यंत माझ्याशी बोलणारं कोणी नसायचं. पिठलं-भात शिजवायचा, खायचा, भांडं विसळून पालथं घालायचं. एकदा सुट्टीच्या दिवसांत पोस्टमनने काहीतरी विचारलं तर माझ्या घशातून आवाजच फुटेना, इतके दिवस तो वापरलाच नव्हता. अशा माणसाला कुठल्या तरी परमुलखातला माणूस तीनदा पडून चौथ्यांदा निवडून आला याचंही बरं वाटतं. खोटं कशाला सांगू, मला त्या लोकांचा लळा लागला होता.

पोरांनी ते पुस्तक पाहिलं आणि गावभर केलं. मास्तरांकडे अमेरिकेतल्या समद्या माणसांची नावं लिहिलेली किताब आहे, म्हणून.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी एक मुसलमान बाई माझ्या ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली. ती सुंभ वळून बाजारात विकायची, एवढं मला ठाऊक होतं. पन्नाशीच्या आसपासची, काटकुळी, आणि नजर अशी की मास्तर असून मीच जरा सावरून बसलो.

"मास्तर, माज्या पोराचं नाव हाय का बघा की तुमच्या किताबात," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. नवरा आगबोटीवर खलाशी होता, तो एडनला वारला. मुलगाही मुंबईहून आगबोटीवर चढला. बोट न्यूयॉर्कला लागली, तो बंदरात उतरला आणि परत चढलाच नाही. बोटीच्या कंपनीच्या मुंबईच्या एजंटाला ती दोनदा जाऊन भेटली, त्याने हात झटकले. मेला म्हणून कोणी सांगत नव्हतं आणि जिवंत आहे म्हणूनही कोणी सांगत नव्हतं.

मी तेव्हा जरा तोऱ्यातच बोललो. "चाची, ही निवडून गेलेली मोठी माणसं आहेत. सेनेटर. यात खलाशाचं नाव कुठून येणार?"

"नसंल," ती शांतपणे म्हणाली. "पन ती मान्सं त्याच मुलकातली न्हाय का? त्यांना विचारा."

मी कपाळावर हात मारला. अमेरिका म्हणजे काय मुरुडचा मोहल्ला आहे का, की ह्या आळीतला माणूस त्या आळीतल्याला ओळखतो? पण ती जागची हलेना. आणि मीही उठून आत गेलो नाही. खरं म्हणजे किती दिवसांनी माझ्या ओट्यावर कोणी बसलं होतं.

"बरं, विचारू," मी म्हणालो. "पण कोणाला?"

इथून आमचं ते काम सुरू झालं. दर बाजाराच्या दिवशी सुंभ विकून झालं की ती यायची, पायरीवर बसायची, आणि मी एकेक चरित्र मराठीत सांगायचो. मुलीला स्थळ बघावं तसे आम्ही सेनेटर बघत होतो. घरदार कसं, कष्ट केलेत का, स्वभावाने कसा. आता स्वभाव त्या पुस्तकात कुठून असणार? तिथे फक्त निवडणुका. पण तिचे प्रश्न भलतेच. "आई हाय का त्याची?" "बापाच्या पैशावर शिकला का?" मी एकजण मोठ्या उमेदीने पुढे केला. तो बंदरांच्या आणि जहाजांच्या कमिटीचा अध्यक्ष होता, आमच्या कामाला अगदी चपखल. तिने नाक मुरडलं.

"कितीदा उभा राहिला?"

"पाचदा. पाचही वेळा निवडून आला."

"मग तो कोनाचं ऐकतोय?"

माझा पारा चढला. म्हटलं, "तुम्हाला पोरगा शोधायचा आहे की जावई करायचाय सेनेटरला?" तर ती हसली. पदर तोंडाला लावून हसली, आणि मग मीही हसलो. त्या घरात माझं हसणं त्याआधी कधी झालं होतं, मला आठवत नाही.

शेवटी तिने निवडला तो एक होडीवाला. लहानपणीच बाप गेलेला, आईने वाढवलेला, पोरवयात एका मोठ्या नदीवर माल वाहणाऱ्या होडीत राबलेला. पुढे शिकला, शाळामास्तर झाला, गव्हर्नरकीला उभा राहिला आणि पडला, पुन्हा पडला, मग कुठे सेनेटर झाला. चरित्राच्या शेवटी त्याच्या गावाचं नाव होतं, म्हणजे गडी हयात होता. "हा चालंल," ती म्हणाली. "पान्यावर काम केलंय. आणि तुमच्यावानी मास्तर हाय." ह्या शेवटच्या शिफारशीवर मी दौत-टाक काढलं.

पत्राचा मसुदा करायला फार वेळ लागला. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं, त्यात सेनेटरला कसं संबोधावं इथूनच अडलं. तिने मुलाच्या खुणा सांगितल्या. डाव्या भुवईवर व्रण, उंच, डावखुरा. शिवाय त्याला माशाचे काटे काढता येत नाहीत, हेही लिहा म्हणाली. मी म्हटलं, सेनेटरला काट्यांचं काय लिहायचं, हसतील लोक. ती म्हणाली, "तिथं त्याला कोन काढून देत असंल?" मी ते लिहिलं. इंग्रजीत ते वाक्य कसं झालं कोण जाणे, पण लिहिलं.

पत्र गेलं आणि आम्ही वाट बघायला लागलो. ती येतच राहिली. आता सांगण्यासारखं चरित्र उरलं नव्हतं, तर ती त्या होडीवाल्याचीच विचारपूस करायची. म्हातारा झाला असंल का हो? थंडी सोसत असंल का त्याला? नमाजानंतर मुलासाठी दुवा मागताना त्याच्यासाठीही मागते, त्याला उत्तर लिहीपर्यंत आयुष्य मिळू दे म्हणून, असं तिने मला सांगितलं. येताना कधी शहाळं आणायची, कधी दोन ओल्या सुपाऱ्या, आणि ओट्याच्या कडेला ठेवायची. माझ्या घरात ती आली नाही आणि मी तिला या म्हटलं नाही. तो काळ तसा होता, आणि मीही तसाच होतो. पण बाजाराच्या दिवशी सकाळपासून माझं शाळेत लक्ष नसायचं. पाढे म्हणून घेताना माझी नजर रस्त्याकडे. तिला उत्तराची ओढ होती. मला उत्तर नाही आलं तरी चालणार होतं, ती आली म्हणजे झालं.

पावसाळा होऊन गेला, बंदर पुन्हा सुरू झालं, आणि एका दुपारी पोस्टमनने परदेशी तिकिटाचं पाकीट माझ्या हातात दिलं.

पत्र सेनेटरच्या मुलीचं होतं. अक्षर सुरेख. तिने लिहिलं होतं की वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. ती त्याच गावात, त्याच घरात एकटी राहते. वडिलांना कोणी इतक्या लांबून काही मागेल असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं, आणि ते असते तर त्यांनी नक्की हातपाय हलवले असते. तिच्या ओळखी आता उरल्या नाहीत, देश फार मोठा आहे, एका खलाशाला कुठे शोधायचं ते तिला कळत नाही. काट्यांबद्दल वाचून तिला रडू आलं, असंही होतं.

मी ते हातात धरून ओट्यावर बसून राहिलो. पुस्तक जुनं होतं. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. ज्यांना मी हयात समजत होतो ते सगळेच एव्हाना गेले असणार, निदान बहुतेक. म्हणजे मी महिनोन् महिने मेलेल्या माणसांच्या पडण्या-निवडून येण्यात रमलो होतो. आणि हे तिला सांगितलं की ती कशाला येईल? हा विचार मनात आला आणि माझी मलाच लाज वाटली. पण लपवायचं मात्र मनात आलं नाही. तिचा मुलगा होता तो.

बाजाराच्या दिवशी ती आली. मी पत्र जसं होतं तसं, एक शब्द न गाळता मराठीत सांगितलं.

"कवा गेला?"

"बरीच वर्षं झाली, चाची."

"आन् मी त्याला आयुष्य मागत व्हते," ती म्हणाली. पुस्तकाकडे बोट करून तिने विचारलं, "मग दुसरा कोन हाय का त्यात?"

मी सांगितलं की पुस्तकच जुनं आहे, त्यातलं आता कोणी उरलं नसेल. तिने मान डोलावली, पायरीला हात टेकून उठली, आणि गेली. सोबत आणलेली सुपारी तेवढी आठवणीने कडेला ठेवून गेली.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. मी मनाला समजावलं की आजारी असेल. मग समजावणं जमेना. इतक्या वर्षांत मी कधी गावातल्या मुसलमान मोहल्ल्यात पाऊल टाकलं नव्हतं, काम पडलं नव्हतं. त्या दिवशी शाळा सुटली तशी टोपी घातली आणि निघालो. लोक बघत होते, बघू देत. विचारत विचारत तिचं घर गाठलं. कुडाचं घर, दाराशी काथ्याचा ढीग. मी कडी वाजवली.

दार उघडलं आणि तिने मला पाहिलं. काय सांगू. तिचा चेहरा असा उजळला की मी तसा चेहरा जन्मात कोणाचा पाहिला नाही, माझ्यासाठी तर कधीच नाही. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ती म्हणाली, "मास्तर, आली खबर?"

मास्तर आपणहून दारात आला, म्हणजे दुसरं काय असणार? हे मला तिथे उभं राहिल्यावर कळलं.

"नाही, चाची. खबर नाही. मी असाच आलो होतो."

"असाच?" ती म्हणाली.

"तुम्ही आला नाहीत, म्हणून."

तिच्या तोंडावरचा सगळा उजेड माझ्या डोळ्यांदेखत ओसरला, आणि मग तिथेच उंबऱ्यावर बसून ती रडायला लागली. पायरीवर बसून इतके दिवस मुलाबद्दल बोलली, पण तिला मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मी उभाच. बसावं की जावं, काही कळेना. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी मायेने, रागाचा लवलेश नसलेल्या आवाजात म्हणाली, "मास्तर, तुमी भले मानूस हाय. पन असं दारात येऊ नका. माजा जीव जातो."

मी बरं म्हणालो आणि परत फिरलो.

त्यानंतर बदलीचा हुकूम येईपर्यंत मी त्याच गावात होतो. ती पुन्हा माझ्या ओट्यावर आली नाही, आणि मी तिच्या दारात गेलो नाही. बाजारात कधी समोरासमोर आलो, तर सुंभाच्या वेटोळ्यांमागून ती एकदाच माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवायचो, नाही म्हणून. ती नजर खाली घालायची आणि गिऱ्हाइकाशी बोलायला लागायची.