कुत्र्याच्या वाटची भाकरी

सोलापूर स्टेशनवर दुधनीचं तिकीट मागताना माझा आवाज इतका खाली गेला, की खिडकीमागच्या बाबूने दोनदा विचारलं, "कुठलं?" मी काही चोरी करायला निघालो नव्हतो. झोप नाही, अन्नावर वासना नाही, शिकवता शिकवता वर्गात मध्येच गप्प होतो, अशी फिर्याद बायकोने डॉक्टरांकडे नेली होती. त्यांनी आठ दिवस भिंतींबाहेर राहायला सांगितलं.

मोकळी हवा मोहोळलाही होती, मोडनिंबलाही होती. मी दुधनीच का निवडली, हे बायकोला सांगितलं नाही. आता लिहून टाकतो. दुधनीच्या शाळेत वामनराव होता.

अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघे सोलापुरात एकाच शाळेत मास्तर होतो. तपासणीच्या दिवशी डेप्युटीसाहेब यायच्या घटकाभर आधी आम्ही घाईघाईने टेबल आवरत होतो. माझं कोपर लागलं आणि शाईची दौत शेरेबुकावर (साहेब अभिप्राय लिहितात त्या वहीवर) उलटली. वामनराव दचकून वळला आणि म्हणाला, "अरे, माझा हात लागला की काय?" मी 'नाही' म्हणालो नाही. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा मी छताकडे पाहिलं. महिन्याभरात वामनरावाची दुधनीला बदली झाली, आणि माझी झोप त्याच्याबरोबर गेली.

दुधनी स्टेशनवर मायाप्पा धनगर न्यायला आला होता. ओळखीच्या एका घोंगडीवाल्याने त्याच्याकडे माझी सोय लावून दिली होती. त्याने माझे नवे बूट पाहिले आणि चालायला येतं का, असं विचारलं. मी म्हटलं, वर्गात दिवसभर उभा असतो.

"हुबं ऱ्हानं येगळं की, मास्तर."

ज्वारी काढून झाली होती. काळ्या रानात नुसती धसकटं उभी होती आणि त्यांतून शंभरेक कुरी (कानडीत मेंढ्या) चरत चालल्या होत्या. सवयीप्रमाणे मी सर्वांच्या पुढे झालो. बराच वेळ ताठ मानेने चाललो. मागे वळून पाहिलं, तर मेंढ्या डावीकडच्या ओढ्यात उतरल्या होत्या आणि मी पुढारी तेवढा एकटा पुढे आलो होतो. मायाप्पाने ओरडून सांगितलं, की मेंढराच्या मागनं चालायचं असतं.

मागनं चालू लागलो. घाई करून उपयोग नव्हता. दुसऱ्या दिवशी बूट काढले. तिसऱ्या दिवशी चक्क भूक लागली. मायाप्पाची बायको सत्यव्वा दगडांच्या चुलीवर भाकरी थापायची. ती भाकरी, शेंगाची चटणी आणि वर ताक. त्या रात्री उघड्यावर घोंगडीत पडलो तो थेट उजाडताच जागा झालो. डॉक्टरांना पत्र लिहावं, असंही मनात आलं.

चौथ्या दिवशी माती खाल्ली. कोकरं रात्री वाघरेत (जाळीच्या कोंडवाड्यात) असत आणि सकाळी मेंढ्यांचं दूध काढून झाल्यावरच त्यांना आयांकडे सोडत. एका कोकराला कुरवाळावं म्हणून मी पहाटे वाघरेची गाठ सोडली. परत बांधली ती शाळेतल्या दप्तराला बांधतो तशी. सत्यव्वा चरवी घेऊन आली, तेव्हा कोकरांची पोटं नगाऱ्यासारखी झाली होती आणि सगळ्यांच्या वाटचं दूध त्यांत गेलं होतं.

सत्यव्वाने सगळीकडे एकदा पाहिलं. मग कुत्र्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ह्या काळ्याचंच काम. आज त्येला भाकर न्हाय."

मी मान हलवली. नुसता गप्प राहिलो असतो तर निदान जुनाच गुन्हा झाला असता. या वेळी अनुमोदनही दिलं.

दुपारी जेवायला बसलो. काळ्या येऊन नेमका माझ्याच गुडघ्याला टेकून बसला. भुंकला नाही, मागितलं नाही. वर पाहावं तर छत नव्हतं, लांबवर पसरलेलं आभाळ होतं. दुसरा घास काही केल्या उतरेना.

"गाठ मी सोडली होती," मी म्हटलं.

"कुत्र्याला गाठ सोडाय येती व्हय, मास्तर?" सत्यव्वा भाकरी थापतच राहिली. "कवाधरनं वाट बगतीया मी."

"मग त्याची भाकरी का तोडलीत?"

"तुमच्या घशात अडकती का बगत हुते. त्येला मगाच दिलीया."

मायाप्पा एवढा हसला, की जवळच्या मेंढ्या दूर सरकल्या. सत्यव्वाने मात्र विचारलं, "येवढंच हाय, का आजून काय हाय?" बायकोला, डॉक्टरांना जे सांगितलं नव्हतं ते मी तिला सांगितलं.

"त्यो मानूस कुटं हाय?"

"दुधनीत."

"मंग हितं मेंढरामागं काय हुडकताय?"

त्या दिवशी रविवारच होता; जेवण आटोपून तसाच गावात गेलो. वामनराव घरासमोरच्या ओट्यावर वह्या तपासत बसला होता. तो केवढा पिकला होता! मला पाहून त्याला आनंदच झाला, आणि तोच मला सोसेना. घरात बस म्हणाला. मी म्हटलं, जरा रानाकडे चालू या. गाव मागे पडल्यावर चालता चालता सांगितलं.

तो थांबला. "अकरा वर्षं मी दौत दोन्ही हातांनी उचलतो आहे," तो म्हणाला. "वर्गातली पोरं हसतात मला."

मग तो झपझप पुढे निघाला. मी मागनं चालत राहिलो. बऱ्याच अंतराने, न वळताच, तो म्हणाला, "मला सांगून काय केलंस? मी दुधनीतच आहे. सोलापूरच्या दप्तरात माझ्या नावावर आहे ते. हेडमास्तरांना सांग."

सांगतो म्हणालो. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. आठ दिवस पुरे व्हायची वाट न पाहता मी त्याच संध्याकाळी परत निघालो. माझ्या गाडीला तो आला, पण हात हलवला नाही. गाडी हलेपर्यंत थांबला मात्र.

गाडीत मी असा झोपलो, की सोलापूर आल्यावर एका पद्मशाली विणकराने हलवून उठवलं, आणि आधी मी जिवंत आहे ना याची खात्री करून घेतली.

मोकळ्या हवेने काय गुण आला, असं लोक विचारतात. तिने माझं मन धुतलं वगैरे नाही. एवढंच, की वाटेवर दोघे एकाच दिशेला पाहत चालतात, समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, आणि शब्द पावलांबरोबर आपोआप पुढे येतात. खोलीत ते येत नाहीत. सोमवारी मी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो. हे नवे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांनी खुर्ची दाखवली, काय काम आहे विचारलं, पण मी उभाच राहिलो.

"साहेब," शेवटी म्हटलं, "मैदानाला एक फेरी मारू या का? बसून सांगता येणार नाही."

त्यांनी क्षणभर माझ्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि खुंटीवरची टोपी काढली.