पास न झालेलं मशीन

दुकानात सगळे त्याला ताप्या म्हणत. प्रोसेसरचं तापमान बघत बसणं हे त्याचं काम, आणि मालकाच्या मते तो स्वतःही डोक्याला तापच होता. मालक म्हणजे त्याच्या बायकोचा मोठा भाऊ. त्यामुळे गिऱ्हाइकासमोर 'भाऊजी' आणि पाठीमागे ताप्या. नवराबायको दुकानाच्या वरच्याच खोलीत राहत. ती खोली मेहुण्याने लग्नात देऊ केली होती, आणि ते कुणाला विसरू दिलं नव्हतं.

कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळणारे कॉम्प्युटर ही दुकानाची ख्याती. सेटिंग बदलून, प्रोसेसरला थोडी जास्त वीज पाजून वेग चढवायचा, हे मेहुण्याचं काम. तो वेग त्याला झेपतो का, हे बघणं ताप्याचं. त्याचा एक प्रोग्रॅम प्रोसेसरला न थांबता गणितं घालत राहायचा, उत्तरं आधीच ठाऊक असलेली. दिवसभरात एकही उत्तर चुकलं नाही, तरच मशीन पास.

"बंद पडणारं मशीन परवडलं," तो म्हणायचा. "ते निदान तोंडावर सांगतं. चालता चालता खोटं बोलणारं वाईट."

नदीच्या पुराचा अंदाज गणिताने मांडणाऱ्या एका बाईंनी मशीन मागवलं होतं. सकाळी लावलेली त्याची चाचणी दुपारी चुकली. ताप्याने वेग एक पायरी खाली आणायला घेतला, तेवढ्यात मेहुणा मागे येऊन उभा राहिला.

"बाई आत्ता न्यायला येतायत. कबूल केलेला वेग स्क्रीनवर दिसला पाहिजे."

"दादा, उत्तर चुकलंय."

"लाखो गणितांत एक. भाऊजी, माणसं तरी एवढी बरोबर असतात का?"

बिलाच्या टेबलावर बसलेल्या बायकोने हे सगळं ऐकलं. मशीन तसंच गेलं.

पावसाळा उलटून गेल्यावर बाई मशीन रिक्षात घालून परत आल्या. त्यांनी काढलेले पुराचे आकडे दुसऱ्यांनी पडताळले, तर जुळेनात. त्या नोकरीला होत्या त्या संस्थेत त्यांच्यावर आकडे रचल्याचा ठपका आला होता. मग त्यांनी तेच गणित याच मशीनवर पुन्हा घातलं, आणि उत्तर वेगळं आलं.

"तुम्ही तपासलं होतं ना हे?" त्यांनी विचारलं.

मेहुणा ताप्याकडे वळला. "भाऊजी?"

ताप्याने तोंड उघडण्याआधीच बायको म्हणाली, "ह्यांच्याकडूनच राहिलं असेल. विसरतात कधी कधी."

ताप्या तिच्याकडे बघत राहिला. ती बिलं सारखी करत होती. मेहुण्याने तिथल्या तिथे प्रोसेसर बदलून द्यायची तयारी दाखवली.

"प्रोसेसर घेऊन काय करू?" बाई म्हणाल्या. "परवा चौकशी समिती बसतेय. मशीन चुकत होतं, एवढं कुणीतरी येऊन सांगा."

"दुकान सोडून कुणाला येता येणार नाही," मेहुणा म्हणाला.

दोन दिवसांनी ताप्या इस्त्रीचा शर्ट घालून, कुणाला न सांगता संस्थेत गेला. लांब टेबलापलीकडे तीन माणसं होती. त्याने जसं घडलं तसं सांगितलं: चाचणी चुकली होती, त्याने तसं बोलूनही दाखवलं होतं, तरी मशीन विकलं गेलं. मधल्या माणसाने तिथूनच दुकानात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. मेहुण्याचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. "मशीन पास होतं, साहेब. भाऊजींचं आणि आमचं घरात जरा बिनसलंय, म्हणून बोलत असतील."

मधल्या माणसाने फोन ठेवला. "मशीन खराब आहे हे माहीत असूनही तुम्ही ते जाऊ दिलंत?"

"दुकान माझं नाही, साहेब." बोलल्यावर ते त्याचं त्यालाच पोकळ वाटलं.

समितीने त्याचं म्हणणं धरलं नाही, बाईंची नोकरी गेली. बाहेर जिन्यावर त्या त्याला म्हणाल्या, "आलात, बरं केलंत. पण हे त्या दिवशी दुकानातच मला सांगायचं होतंत. मी मशीन नेलंच नसतं." त्या गेल्या तरी तो कठड्याला धरून उभाच होता.

घरी परतला तर त्याचं सामान जिन्याखाली आणून ठेवलेलं. कपड्यांच्या घड्या नीट होत्या, म्हणजे बायकोनेच बांधलं होतं. ती वरून खाली आली.

"मी खोटं बोलले ते आपलं छप्पर टिकावं म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही खरं बोललात ते कुणाच्या कामी आलं?"

"तू येतेस का माझ्याबरोबर?"

"कुठे?"

ते त्यालाही माहीत नव्हतं. ती वर गेली.

आता तो दुसऱ्या वस्तीत मोबाईलच्या फुटलेल्या काचा बदलतो. या कामात तपासायचं फारसं काही नसतं. काच लागली की लागली. बायको महिन्या-दोन महिन्यांतून एखादा फोन करते, तब्येत विचारते. मेहुण्याचं दुकान जोरात चालू आहे. तिथे आता नवं गिऱ्हाईक आलं की मेहुणा सांगतो, "आमचे एक भाऊजी होते, तपासणीत हयगय करायचे. काढून टाकलं. नातं असलं तरी कामात तडजोड नाही." लोकांना ते पटतं.