पालिकेपुरती बहीण

नोकरीतल्या बहुतेक फिर्यादी आता आठवणीत एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. एक मात्र अजून स्वच्छ वेगळी दिसते. तिच्यात रक्त नव्हते, हत्यार नव्हते. होती फक्त एका घराची मागची खोली.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. पाचोऱ्याकडील एका गावी मी फौजदार होतो. सकाळची हजेरी आटोपत असताना एक घरमालक फिर्याद घेऊन आले. कापडाचे दुकान, गावात मान. सगळे त्यांना नाना म्हणत. मागील खोलीचे कुलूप तोडून एक अनोळखी बाई आत शिरली आहे आणि हलत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. मी हवालदारास चौकशीला पाठवले. तो परतला तो गोंधळूनच.

"साहेब, बाई म्हणते, मी नानांची बहीण. फुकट राहते, भाडे देत नाही."

नाना बाकावरच बसले होते. "मला बहीणच नाही! बघा, आता नातंही लावायला लागली."

कुलूप तोडल्याचे बाईने कबूल केले होते आणि नाते खोटे सांगितले होते. अटकेला एवढे पुरेसे होते. तरीही अटकेपूर्वी जागा स्वतः पाहावी, असा माझा नियम असे.

बाई चाळिशीची, विधवा, मूळची शिंदखेड्याकडची. कापसाच्या जिनिंगमध्ये मजुरीला जाई. खोलीत शिरताच मी चुलीवरची भिंत पाहिली. ती छतापर्यंत काळी झाली होती. असा थर बसायला वर्षे लागतात. म्हणजे बाई कालपरवा घुसलेली नव्हती. मग ती स्वतःच्याच विरुद्ध खोटे का बोलत होती?

"नाना तुमचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

ती अडखळली. "मावस."

"त्यांच्या आईचं नाव सांगा."

ते तिला सांगता येईना. हवालदार हसला. बाईने पदर घट्ट ओढून घेतला आणि हळूच मला विचारले, "साहेब, आता पट्टी वाढेल का हो?"

तुरुंगाच्या दारात उभे असलेले माणूस घरपट्टीची चिंता करत होते. हे मी पूर्वी कधी ऐकले नव्हते.

खुलासा शेजारच्या अक्कांनी केला. उंबऱ्याशी उभ्या राहून त्या सगळे ऐकत होत्या. हवालदाराकडे बोट करून म्हणाल्या, "तिले काय मालूम, हाऊ माणूस कसाले ऊना शे! सरकारी माणूस दिसना का आम्ही बठ्ठा हाईच सांगतस. घरपट्टी ठरावाना वखत ऊना का आमनी गल्लीमा बठ्ठासले भाऊ-बहिणी फुटतस!"

अक्कांच्या अहिराणीचा अर्थ असा, की हा माणूस कशाला आला ते तिला काय ठाऊक; सरकारी माणूस दिसला की आम्ही सगळे हेच सांगतो, आणि घरपट्टी ठरायची वेळ आली की गल्लीत सगळ्यांना भाऊ-बहिणी फुटतात. वाचकांसाठी थोडे स्पष्ट करतो. पालिका दर काही वर्षांनी घरांची नव्याने आकारणी करी. खोली भाड्याने दिलेली आढळली की त्या भाड्याच्या हिशेबाने पट्टी चढे. म्हणून घरमालक भाडेकरूंना पढवून ठेवीत: कोणी विचारले तर नातेवाईक आहोत म्हणायचे, भाडे नाही म्हणायचे. भाड्याची पावती अर्थातच नसे. या बाईने धडा चोख पाठ केला होता. पोलीस आणि पालिका यांतला फरक मात्र तिला कोणी शिकवला नव्हता. आणि ती काय उत्तर देईल, हे नानांना पक्के ठाऊक होते.

मी नानांना ठाण्यात बोलावले.

"नाना, भिंतीवरची काजळी पाहून आलो. गल्लीही साक्ष द्यायला तयार आहे. ती तुमची बहीण असेल, तर फिर्याद खोटी. भाडेकरू असेल, तरीही खोटी. तिसरं काही असेल तर सांगा."

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "घराला गिऱ्हाईक लागलं होतं. घर रिकामं हवं होतं. ती कामावर गेली तेव्हा मीच कुलूप घातलं." मग जरा चढ्या आवाजात म्हणाले, "पट्टीसाठी असं सगळेच सांगतात, साहेब."

"सगळे सांगतात. सगळे फिर्याद घेऊन येत नाहीत."

बाईलाही ठाण्यात बोलावून घेतले; खोली राखायची तर आता तिने जबाब बदलणे आवश्यक होते. हवालदाराने कागद पुढे ओढला आणि मजकूर लिहून वाचून दाखवला, "फिर्यादी माझे कोणी लागत नाहीत."

बाईने नजर वर केली. नाना समोरच होते.

"बोला की," हवालदार म्हणाला.

"भाऊबीजेला ओवाळते मी यांना," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी यांनीच सांगितलं होतं, गल्लीला खरं वाटावं म्हणून. पुढं कोणी सांगितलं नव्हतं."

नाना खाली पाहू लागले. मी हवालदाराला 'कोणी लागत नाहीत' हे वाक्य खोडायला लावले. "दरमहा भाडे देते, एवढेच लिहा." तिने सही केली.

फिर्याद खोटी ठरवून मी न्यायालयाला अहवाल पाठवला आणि नानांवर रीतसर कारवाई केली. गिऱ्हाईक निघून गेले, पट्टी वाढली, बाईची खोली राहिली. पुढे भाऊबीजेला काय झाले, ते मला ठाऊक नाही. चौकशी करण्याचा मला अधिकारही नव्हता.

त्यानंतर माझ्या हाताखालच्या प्रत्येक शिपायाला मी एक गोष्ट शिकवली. जबाब घेण्यापूर्वी आपण कोण आणि का आलो, ते आधी सांगावे. माणूस आपल्या प्रश्नाला उत्तर देतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो आपल्या भीतीला उत्तर देत असतो.

ती बाई खोटे बोलली, हे खरेच. पण दोघांनी मिळून उचललेल्या त्या खोट्यातला आपला वाटा तिने वर्षानुवर्षे निभावून खरा केला होता. नानांनी आपला वाटा खरा केला नाही. या फरकासाठी कायद्यात कलम नाही. माझ्या अहवालातही त्याला जागा नव्हती.