ॲक्सिलरेटरवरचा पाय

अकोल्याहून पातूरच्या शाळेत जायला आम्ही तिघी शिक्षिका माझ्या गाडीने निघायचो. चालवायचे मी. गाडी नवीनच होती, पण ॲव्हरेज देत नव्हती. दोनदा मेकॅनिककडे नेली. दुसऱ्यांदा त्याने बॉनेट बंद केलं आणि हात पुसत म्हणाला, "गाडीत काई नाई मॅडम. चालवन्यात असंल."

मला रागच आला. गाडी चालवायला लागल्यापासून इतक्या वर्षांत एक ओरखडासुद्धा नव्हता माझ्या हातून.

त्याच सुमारास माझा मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आला. त्याची सगळी नोकरी ॲम्ब्युलन्स चालवण्यात गेली होती. पातूरला एका जुन्या सोबत्याला भेटायचं म्हणून एका सकाळी तो माझ्या शेजारी बसला. मागे विज्ञानाच्या मॅडम एकट्याच होत्या. गणिताच्या मॅडमचं मणक्याचं ऑपरेशन झालं होतं. रजा संपल्यावर त्या एकच दिवस आमच्याबरोबर आल्या आणि मग बसने जाऊ लागल्या. "बस घराजवळच थांबते," एवढंच म्हणाल्या होत्या.

आम्ही शहराबाहेर पडलो. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली चालली होती. मी वेगात तिच्या मागे गेले, समोरून ट्रक आला म्हणून करकचून ब्रेक मारला, आणि ट्रक जाताच पुन्हा गाडी दामटली.

"पोरी," मामा म्हणाला, "थे ट्रॉली तुले कवा दिसली?"

"लांबूनच दिसली की."

"मंग पाय काहून दाबून राहिली होती? पेट्रोल जाळून पयलं पळाचं, अन् मंग ब्रेक मारून सारं वाया घालवाचं."

"मंग काय करू?"

"लांब पाह्य. ट्रॉली दिसली, गतिरोधक दिसला, का पाय उचल. गियरमदीच राहू दे, गाडी आपसूक हळू होते. अन् परत वेग घेतानी गाडीले दणका देऊ नको."

मी हसले. "ॲम्ब्युलन्सवाल्याले डिझेलची एवढी काळजी?"

"डिझेल गेलं चुलीत," तो म्हणाला. "मांगं माणूस निजेल राहे. म्या ब्रेक मारला का थो कण्हे. मले समोर आयकू ये. म्हणून मी ब्रेक माराची पाळीच येऊ देत नव्हतो. डिझेल त्याच्यातच वाचे."

मी आरशात पाहिलं. विज्ञानाच्या मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या.

शाळेत उतरल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "गणिताच्या मॅडम माझ्या चालवण्यामुळे येत नाहीत का?"

त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी उतरल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या होत्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या दिवशी पहिल्या तासाला वर्गात मी काय शिकवलं, मला आठवत नाही.

महिनाभर मी नव्याने गाडी शिकले. चाकांतली हवा तपासली, डिकीतल्या पुस्तकांच्या पेट्या काढल्या, गियर वेळेवर बदलू लागले. पण खरा त्रास दिला पायानेच. तो सवयीने खाली जायचा आणि मी त्याला आवरायचे. संध्याकाळी घरी आल्यावर डोळ्याला हिरवी पट्टी लावलेला मामा विचारायचा, "आज कितीक ब्रेक मारले?" मी खरं सांगायचे.

मग एका रविवारी गणिताच्या मॅडमच्या घरी गेले. माफी मागितली. त्या एकदम संकोचल्या. "अहो, तसं काही नाही. बसमध्ये उभं राहता येतं, म्हणून..." त्या चहा ठेवायला उठल्या. चहा झाल्यावर म्हटलं, "एकच दिवस या. दुखलं तर तिथेच सांगा, लपवू नका."

सोमवारी त्या आल्या. मागच्या सीटवर कमरेशी उशी आणि हाताने खिडकीवरची कडी घट्ट धरलेली. पहिला गतिरोधक आला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गाडी अलगद वर चढली, अलगद उतरली. कापशीच्या तलावाजवळ मी आरशात पाहिलं, तर त्यांनी कडी सोडलेली होती. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या होत्या आणि मांडीवर ठेवून लाल पेनाने तपासत होत्या.

"काय हो मॅडम," विज्ञानाच्या मॅडम हसल्या, "चालत्या गाडीत मार्क देता?"

"अक्षर हलत नाही, तर देते," त्या मान वर न करता म्हणाल्या.